हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या असतील तर आधी त्यांवर पाणी ओतून पाहा

प्रश्न असा आहे : "वडिलांच्या अकरा वर्षे जुन्या गाडीच्या हेडलाइटच्या काचा पिवळट आणि धुरकट झाल्या आहेत. टूथपेस्टने घासून त्या घरी साफ होतात का? वडील हल्ली रात्री नीट दिसत नाही म्हणतात, म्हणून त्यांचे रात्रीचे गाडी चालवणे आम्ही बंद केले आहे."

तुमच्या प्रश्नातले शेवटचे वाक्य वाचून मी हे उत्तर लिहायला बसले. टूथपेस्टने काच काही दिवस उजळ दिसते आणि पुन्हा होती तशी होते, एवढेच त्याविषयी सांगण्यासारखे आहे. वडिलांची गाडी तुम्ही बंद केलीत, त्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण हाच निकाल माझ्या घरात माझ्यावर लागला होता.

मी वेंगुर्ल्यात राहते आणि गेली बावीस वर्षे स्वतः गाडी चालवते. माझे माहेर आजऱ्याचे. आई तिथे एकटी होती, म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की सावंतवाडी, माडखोल, दाणोली करत आंबोलीचा घाट चढून मी तिच्याकडे जात असे आणि रविवारी तिच्याबरोबर रात्रीचे जेवण करून परत निघत असे. एका डिसेंबरात घाट उतरताना वळणावरचा कठडा मला अगदी जवळ आल्यावर दिसला. गाडी थांबली, कोणाला काही झाले नाही, पण घरी आल्यावर मी ते सांगितले. मोठे भाऊजी म्हणाले, "तुका आता रातचा दिसना नाय. गाडी दिवसाचीच चालव." मी तेव्हा चौपन्न वर्षांची होते. सावंतवाडीला जाऊन डोळे तपासून घेतले. मोतीबिंदू नव्हता, चष्म्याचा नंबरही तोच होता. तो कागद मी सर्वांसमोर ठेवला, तरी भाऊजींचे मत बदलले नाही आणि त्यांच्या शब्दापुढे घरात कोणी बोलले नाही.

पुढे भाऊजींच्याच सांगण्यावरून गाडीला 100/90 वॉटचे बल्ब बसवले. मूळचा बल्ब 60/55 वॉटचा होता. त्याने रस्ता उजळला नाही. उलट समोरून येणारा प्रत्येक जण मला डिपर मारू लागला. धुरकट काचेतून प्रकाश सरळ जात नाही, तो चहूकडे विखुरतो. जो रस्त्यावर पडायला हवा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि आंबोलीच्या धुक्यात तर आपल्याच पुढ्यात पांढरी भिंत उभी राहते. बल्ब जितका मोठा तितकी ती भिंत दाट होते. शिवाय कारखान्याने न ठरवलेल्या मोठ्या बल्बच्या उष्णतेने आतला परावर्तक आणि वायरिंग खराब होते, ही गोष्ट वेगळीच. हे मला तेव्हा कळले नाही, याचे आजही वाईट वाटते.

त्यानंतरचे चौदा महिने मी रविवारी दुपारी तीनलाच आजऱ्याहून निघत असे, म्हणजे उजेडात घाट उतरता येई. आई म्हणायची, "दिवेलागणीला तू कधी नसतेसच." फेब्रुवारीत ती गेली.

काचेचा उलगडा त्यानंतरच्या मे महिन्यात झाला. विहिरीजवळ गाडी धुत असताना उजव्या हेडलाइटवर पाइपचे पाणी पडले आणि काच एकदम नव्यासारखी दिसली. पाणी वाळले तशी ती पुन्हा धुरकट झाली. डावी काच मुळातच बरी होती. आमची गाडी वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असते. तिची डावी बाजू घराच्या सावलीत आणि उजवी थेट उन्हात. भाऊजी म्हणत होते की समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने काच गेली. खारा वारा दोन्ही काचांना सारखाच लागतो. ऊन मात्र एकीलाच लागत होते.

ही काच म्हणजे खरे तर पॉलिकार्बोनेट नावाचे प्लॅस्टिक आहे. ते आघाताला मजबूत असते, पण उन्हातील अतिनील किरणांना टिकत नाही, म्हणून कारखान्यात त्यावर कठीण पारदर्शक लेप देतात. काही वर्षांच्या उन्हाने तो लेप पिवळा पडतो, खरखरीत होतो आणि सुटू लागतो. पाणी त्या खरखरीतपणातल्या बारीक खळग्यांत भरते, त्यामुळे ओली काच स्वच्छ दिसते. तुम्हीही आधी हेच करून पाहा. ओली केल्यावर काच उजळली तर दोष बाहेरून आहे आणि तो घरी जातो. ओली करूनही फरक पडला नाही तर दोष आतून आहे, आणि बाहेरून कितीही घासले तरी काही होणार नाही.

मी ते काम नोव्हेंबरात, सावलीत, एका दिवसात केले. हेडलाइट बंद आणि थंड असावा. काच साबणाने धुवावी, भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत, आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश कागद, पाण्यात भिजवून 800 नंबरपासून सुरुवात करावी. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. पहिल्यांदा पिवळट दुधासारखे पाणी ओघळते. तो जुना लेप. ते पाणी पांढरे होईपर्यंत थांबू नये, कारण जुन्या लेपाचे तुकडे राहिले तर ते शेवटपर्यंत डागांसारखे दिसतात. पुढे 1000, 1500, 2000 आणि 3000. एका नंबरने आडवे घासले तर पुढच्याने उभे घासावे, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळते. या टप्प्यावर काच आधीपेक्षा वाईट, पिठूळ दिसते. मलाही वाटले की मी ती बिघडवली. कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट, लावून मायक्रोफायबरच्या कापडाने पॉलिश केले की ती उजळते.

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि हीच मोठी चूक आहे. लेप गेलेले उघडे प्लॅस्टिक कोकणच्या उन्हात काही महिन्यांत पुन्हा पिवळे पडते. त्यावर अतिनील किरणांना अडवणारा नवा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, किंवा त्याच गुणाची पारदर्शक फिल्म लागलीच पाहिजे. हार्डनर मिसळलेला टू-के क्लिअर कोट सर्वांत टिकतो, परंतु त्यातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक आहे; साधा रुमाल बांधून तो मारू नये, योग्य मास्क नसेल तर फिल्म लावावी. पावसाळ्यात तर हे काम हातीच घेऊ नये, कारण दमट हवेत क्लिअर कोटवर पांढुरकी झाक येते.

थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर या काचेला लावू नयेत. शेजारच्या एका गाडीची काच गॅरेजमध्ये थिनरने पुसली गेली; ती तासभर चमकली आणि मग तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या, त्या घासून जात नाहीत. डासांचे मलम चोळण्याचा उपायही तसाच, त्याने प्लॅस्टिक विरघळते. खोबरेल तेलाने नुकसान होत नाही, पण फायदाही पुढच्या धुण्यापर्यंतच.

काम झाल्यावर मी मूळच्या वॉटचे बल्ब परत बसवले, दिव्यांची उंची तपासून घेतली आणि भाऊजींना शेजारच्या सीटवर बसवून रात्री आंबोलीला नेले. ते वळण आले तेव्हा कठडा मी बऱ्याच आधी दाखवला. ते "हो" एवढेच म्हणाले. माझ्या नजरेविषयी जे बोलले होते ते त्यांनी परत घेतले नाही, आणि ते घ्यायला हवे होते असे माझे मत आजही आहे.

काही गोष्टी राहिल्या. काचेच्या आत पाणी साचत असेल तर सील गेले आहे, ते आधी बघा. आतला परावर्तक काळवंडला असेल तर हेडलाइटच बदलावा लागतो. धुरकटपणा किंचित असेल तर वॉटर पेपर लावूच नका, नुसते कंपाउंड पुरते, कारण कारखान्याचा लेप एकदा गेला की तो परत येत नाही. आणि वडिलांचे डोळेही तपासून घ्या. मोतीबिंदूनेही रात्री समोरचे दिवे असेच फाकलेले दिसतात, त्यामुळे दोष दोन्हीकडे असू शकतो. पण आज संध्याकाळी तुम्ही स्वतः त्यांच्या जागी बसून त्याच गाडीच्या दिव्यांत एखादा अंधारा रस्ता पाहून या, आणि तुम्हाला काय दिसले ते त्यांना सांगा.