ग्रामीण भागातल्या मेडिकल कॉलेजात बिझनेस कंटिन्युइटी मॅनेजमेंट, म्हणजे काहीही बंद पडलं तरी काम चालू ठेवायची तयारी, कसं राबवावं? सल्लागार नेमावा का? त्यासाठीचं आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्यावं का?

सल्लागार नेमू नका, निदान पहिलं वर्षभर तरी. का, ते सांगतो.

विदर्भातल्या, शहरापासून लांब असलेल्या एका कॉलेजात मी मायक्रोबायोलॉजीत २२ वर्षं टेक्निशियन होतो. मे महिन्यातला शनिवार. रात्री वावधन सुटलं, कडुनिंबाची फांदी तारांवर पडली, डीपी जळाली. जनरेटर लगेच लागला. ओटी, आयसीयू, वॉर्ड सगळं चालू, त्यामुळे सगळे निर्धास्त. पण आमचा उणे ८० चा डीप फ्रीजर दिवाळीत नव्या खोलीत हलवला होता आणि त्या खोलीचं सॉकेट जनरेटरच्या लाइनवर नव्हतंच. हलवताना मी विचारलं होतं. "करू नंतर" एवढंच उत्तर मिळालं.

अलार्म कुलूपबंद खोलीत वाजत राहिला. सिक्युरिटीवाल्या दादाने तो ऐकलाही. पण किल्ली विभागप्रमुख मॅडमकडे, मॅडम लग्नाला नागपूरला, आणि फोन कोणाला करायचा हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. सोमवारी सकाळी मी कुलूप उघडलं तर दारातून पाणी वाहत होतं. एमडीच्या एका मुलीचे १४ महिन्यांचे नमुने त्यात होते. ती तिथेच फरशीवर बसली. नंतर विषय बदलून तिने प्रबंध पहिल्यापासून केला.

त्याच आवारात लसींच्या खोलीत एकही कुपी वाया गेली नाही. आयएलआरला, म्हणजे लसींच्या खास फ्रीजला, २४ तासांत ८ तास वीज मिळाली तरी तो २ ते ८ अंश टिकवतो. पण लाइन आठ तासही येणार नाही हे सिस्टरांनी रविवारी सकाळीच ओळखलं. त्या रोज दोनदा तापमान लिहायच्या, आणि लाइट गेली तर लस कुठे हलवायची, कोणाला फोन करायचा, हे भिंतीवर चिकटवलेलं होतं. दुपारपर्यंत कोल्ड बॉक्स भरून लस तालुक्याला पोचली होती. तुम्ही विचारताय ते मॅनेजमेंट म्हणजे तो भिंतीवरचा कागद.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. या घटनेच्या वर्षभर आधी मी लेखी दिलं होतं की एखाद्या रविवारी मेन स्विच मुद्दाम पाडा आणि काय काय बंद पडतं ते फिरून पाहा. तेव्हाचे प्रशासकीय अधिकारी भर बैठकीत म्हणाले, "चालू लाइन बंद करायला सांगता? काही झालं तर जबाबदार कोण? प्लॅन ऑफिस करेल, तुम्ही लॅब सांभाळा." ऑफिसने केलाही. इन्स्पेक्शनसाठी ८० पानांची स्पायरल फाईल. त्यात आमच्या विभागासमोर तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या सरांचा नंबर होता. साहेब चुकले होते, हे मी आजही म्हणतो. रात्रपाळीला जो हजर असतो, त्याला विचारल्याशिवाय लिहिलेला प्लॅन रद्दी आहे.

म्हणून विभागाविभागात जा आणि मामा, सिस्टर, टेक्निशियन यांना विचारा: काय एका तासात बिघडतं, काय एका दिवसात, काय आठवडाभर थांबू शकतं? लेक्चर पुढच्या आठवड्यात घेता येतं. प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवल्या तरी पाचच दिवस टिकतात. हा क्रम सल्लागाराला बाहेरून दिसत नाही.

कॉम्प्युटरचंही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा ओपीडी, भरती, रिपोर्ट सगळं हाताने लिहावं लागलं. तुमच्या नव्या रेसिडेंट डॉक्टरला कागदावर ॲडमिशन करता येते का? महिन्यातून एक दिवस करून बघा. आणि बॅकअपची एक प्रत नेटवर्कला न जोडलेली हवीच.

एक राहिलं. मेन स्विच पाडायची ट्रायल आधी कॉलेजच्या इमारतीत करा. व्हेंटिलेटरवर पेशंट असताना हॉस्पिटलच्या लाइनला हात लावू नका. तिथे इलेक्ट्रिशियन आणि बायोमेडिकलचा (मशिनं सांभाळणारा) माणूस उभा करून एकेक सर्किट तपासा. आयएसओ वाईट नाही, पण अशा दोन ट्रायल झाल्यावर घ्या. तेव्हा सल्लागाराला काय विचारायचं ते तरी कळेल.

आणि तुमच्या फ्रीजरच्या खोलीची दुसरी किल्ली आजच पाकिटात सील करून सिक्युरिटीकडे द्या. पाकिटावर दोन नंबर लिहा, दोन्ही आज लावून बघा.