संशोधन सोप्या भाषेत सांगणारे पॉडकास्ट कोणते ऐकावेत, आणि त्यांवर कितपत विसंबावं?

तुम्ही लिहिलंय की रोज एसटीत तास-दीड तास जातो, इंग्रजी बेताचं आहे, आणि विज्ञान किंवा समाजाबद्दलचं संशोधन साध्या माणसाला कळेल असं सांगणारे पॉडकास्ट हवेत. शिवाय विचारलंय की त्यात सांगतात त्यावर विश्वास ठेवावा का. मी दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळालं की यादी आपोआप लहान होते.

माझी कसोटी एकच आहे. कार्यक्रमात कुणी ‘संशोधनातून असं दिसून आलंय’ म्हणालं, की लगेच ‘हे कळलं कसं’ तेही सांगतात का? किती जणांना विचारलं, कुठे, कधी, कशाशी तुलना केली, दुसऱ्या कुणी ते पुन्हा तपासून पाहिलं का. हे सांगत असतील तर तो कार्यक्रम संशोधन सांगतोय. नुसता निष्कर्ष सांगून पुढे सरकत असतील, तर तुमच्या हाती एक वाक्य पडतं. ते खरं की खोटं हे ठरवायला तुमच्याकडे काही उरत नाही.

मी परभणी जिल्ह्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून माझ्याच पेशातलं उदाहरण देते. ‘सरकारी शाळांत चारातला एक शिक्षक गैरहजर असतो’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. ते कानावर पडलं की आमच्यासारख्यांना राग येतो. पण ते आलं कुठून ते पाहा. 2003 साली देशातल्या 20 राज्यांत सुमारे 3,700 शाळांना आगाऊ न कळवता भेटी दिल्या गेल्या, एकेका शाळेला तीनदा. पटावरचे 25 टक्के शिक्षक त्या वेळी शाळेत नव्हते, आणि प्रत्यक्ष शिकवताना सुमारे निम्मेच सापडले. आता पुढचा भाग, जो सहसा कुणी सांगत नाही: महाराष्ट्रात गैरहजेरी 15 टक्के होती, सगळ्यांत कमी; झारखंडात 42. पगार जास्त म्हणून हजेरी जास्त, असं आढळलं नाही. ज्या शाळेची नुकतीच तपासणी झाली होती, जिची इमारत-सोयी बऱ्या होत्या, जी डांबरी रस्त्याच्या जवळ होती, तिथे मात्र गैरहजेरी कमी होती. एवढं ऐकल्यावर राग जाऊन विचार सुरू होतो. रस्ता आणि तपासणी या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

या अभ्यासाचे एक लेखक, अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’ या पॉडकास्टवर भारतातल्या शिक्षणाबद्दल सविस्तर बोलले आहेत. हा कार्यक्रम 2017 पासून चालू आहे आणि त्याचे भाग कित्येक तासांचे असतात. लोक लांबीला घाबरतात. मला तीच त्याची ताकद वाटते. संशोधकाला घाई नसली की तो मुद्दा सांगून थांबत नाही. कुठे अडचण आली, कुठल्या आकड्यावर स्वतःचाच पुरता भरवसा नाही, तेही बोलतो. तुमच्या एसटीच्या प्रवासात एक भाग आठवडाभर पुरेल. इंग्रजी भारतीय वळणाचं आहे, त्यामुळे कानाला जड जात नाही.

याच्या उलट टोकाला ‘सोशल सायन्स बाइट्स’. डेव्हिड एडमंड्स आणि नायजेल वॉरबर्टन यांनी तो 2012 मध्ये सुरू केला. एका भागात सामाजिक शास्त्रांतला एकच अभ्यासक, एकच विषय, साधारण वीसेक मिनिटं. तुमच्यासाठी हा मी सगळ्यांत वर ठेवेन, आणि त्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे: भागांचा लिखित मजकूर मिळतो. आदल्या रात्री तो मजकूर वाचून काढायचा, अडलेले पाच-सात शब्द पाहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये ऐकायचं. सुरुवातीला गती थोडी कमी ठेवायची, बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. माझी भाची बी.ए.ला समाजशास्त्र घेऊन बसली आहे. ती याच पद्धतीने ऐकायला लागली, आणि आता वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारते.

विज्ञानाकडे येते. बीबीसी रेडिओ 4 वरचा ‘इन अवर टाइम’ 1998 पासून सुरू आहे आणि त्यातली पंचवीसहून अधिक वर्षं तो मेल्विन ब्रॅग यांनी चालवला. रचना अगदी साधी: टेबलाभोवती तीन प्राध्यापक, एक विषय, पाऊण तास. संगीत नाही, नाट्यमय आवाज नाहीत. शून्यावर एक भाग आहे, भारतीय गणितावर एक आहे, त्यांपासून सुरुवात करा. मला सर्वांत आवडतो तो पॉडकास्टच्या शेवटी जोडलेला तुकडा. मूळ प्रसारण संपल्यावर प्राध्यापकांना विचारतात की काय सांगायचं राहून गेलं. मग तीच मंडळी जरा सैल होऊन बोलतात, ‘या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नव्हते’ असंही म्हणतात, आणि शेवटी निर्माता आत येऊन चहा घेणार की कॉफी असं विचारतो. विद्वानांचे मतभेद असे खेळीमेळीत ऐकायला मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे विज्ञान म्हणजे पाठ्यपुस्तकात छापलेलं अंतिम उत्तर, असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. तो समज असं काही ऐकलं की सैल होतो.

‘सायन्स व्हर्सस’ हा ऑस्ट्रेलियन पत्रकार वेंडी झुकरमन यांचा. जरा धांदलीचा, विनोदांनी भरलेला, सगळ्यांना मानवेल असं नाही. पण एका बाबतीत त्याला तोड नाही. प्रत्येक भागाच्या मजकुरात विधानांना आधार जोडलेले असतात, आणि शेवटी या भागात एकूण किती संदर्भ आहेत तो आकडा त्या श्रोत्यांना सांगतात. आमच्यावर विश्वास ठेवू नका, जाऊन बघा, असं म्हणण्याची हिंमत त्यात आहे. मराठीत कुणी असा कार्यक्रम करणार असेल तर निदान एवढी एक गोष्ट तिथून जशीच्या तशी उचलावी.

आकड्यांचा धाक वाटत असेल तर बीबीसीचाच ‘मोर ऑर लेस’ ऐका. टिम हारफर्ड बातम्यांतला एखादा आकडा धरतात आणि तो मोठा की लहान, कशाच्या तुलनेत, असा त्याचा पिच्छा पुरवतात. वर्तमानपत्र वाचायची पद्धतच बदलते. जिम अल-खलिली यांचा ‘द लाइफ सायंटिफिक’ही चांगला, त्यात शास्त्रज्ञ स्वतःचा प्रवास सांगतात. त्यातला जॉसलिन बेल बर्नेल यांचा भाग जरूर ऐका. 1967 मध्ये त्या संशोधक विद्यार्थिनी होत्या, आणि शेकडो फूट लांब कागदी आलेखावरची बोटभरही नसलेली एक वेडीवाकडी खूण त्यांनी सोडून दिली नाही. तो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ-स्पंद पाठवणारा तारा, निघाला.

कानाने विज्ञान शिकण्याचा खरा फायदा कशात आहे, ते मात्र मला गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशच ताणत-आवळत पसरणाऱ्या लहरींच्या, विषयाने दाखवलं. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या, या लहरी टिपणाऱ्या ‘लायगो’ प्रकल्पाच्या दोन्ही वेधशाळांत पहिल्यांदा अशी लहर नोंदली गेली. 1.3 अब्ज प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. संकेत जेमतेम 0.2 सेकंदाचा, आणि त्याची वारंवारता 35 हर्ट्झवरून 250 हर्ट्झपर्यंत चढत गेलेली. हा पट्टा नेमका आपल्या कानाला ऐकू येणारा आहे. म्हणून तो संकेत स्पीकरला जोडला की आवाज येतो: खोल, दबका, वर चढत जाऊन तुटणारा. मी तो एका पॉडकास्टमधून नववीच्या वर्गात मोबाइलवर वाजवला. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, “मॅडम, पण अवकाशात हवाच नाही, मग हा आवाज खरा कसा?” पोरीने बरोबर पकडलं होतं. तिथे आवाज झालाच नव्हता. अवकाश ताणलं-आवळलं गेलं, यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजा प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी कमी अशा अंतराने हलल्या, आणि त्या हालचालीचा आलेख आपण कानाला ऐकवला. अनेक ठिकाणी तो संकेत नीट ऐकू यावा म्हणून स्वर वर चढवूनही वाजवतात. मूळ कोणता, चढवलेला कोणता हे निवेदक स्पष्ट सांगत असेल, तर तो माणूस विश्वासाचा. त्या दिवशी पुस्तकातला धडा बाजूला राहिला आणि तास त्या एका प्रश्नावर गेला.

आमच्या मुलांना तो विषय परका वाटत नाही, कारण लायगोची भारतातली वेधशाळा शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. वर्गातली निम्मी मुलं नागनाथाच्या दर्शनाला जाऊन आलेली असतात. आणि गोंगाटातून इतका क्षीण संकेत ओळखायच्या गणिती पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून काम केलेलं आहे. हे सगळं मला मराठीतून, त्यांच्याच आवाजात, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात मुलांना ऐकवता यायला हवं.

सावध कुठे राहावं तेही सांगते. मानसशास्त्राचे दाखले देऊन ‘यशस्वी व्हा’ सांगणारे जे कार्यक्रम आहेत, मराठीतले असोत की इंग्रजीतले, तिथे कसोटी अधिक कडक लावा. 2010 मध्ये अमेरिकेत 42 जणांवर एक प्रयोग झाला. दोन मिनिटं ऐटीत, हातपाय पसरून राहिलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि ताणाचं कॉर्टिसॉल उतरतं, असा निष्कर्ष निघाला आणि तो जगभर पसरला. 2015 मध्ये दुसऱ्या गटाने 200 जणांवर तोच प्रयोग केला. माणसांना आपल्यात जोर आल्यासारखं वाटलं, पण संप्रेरकांत फरक दिसला नाही. 2016 मध्ये मूळ निबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही, असं जाहीरपणे लिहिलं. किती मोठं मन लागतं याला! पण मुलाखतीला जाण्याआधी ऐटीत उभं राहा, हार्मोन बदलतात, हे आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. 2015 मध्येच मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत ठळक परिणाम होता, पुन्हा केल्यावर तो 36 टक्क्यांतच आला. म्हणून शंकर वेदांतम यांचा ‘हिडन ब्रेन’ मी आवडीने ऐकते, त्यांची गोष्ट सांगायची हातोटी विलक्षण आहे, पण एखाद्याच प्रयोगावर उभा असलेला भाग असेल तर निष्कर्ष मनात पेन्सिलीनेच लिहून ठेवते.

आता मराठी. ‘थिंक बँक’वर समाज, शेती, अर्थकारण यांवर अभ्यासकांच्या मुलाखती मिळतात. ‘विश्वसंवाद’मध्ये जगभर काम करणाऱ्या मराठी माणसांशी गप्पा आहेत, त्यात संशोधकही आहेत. दोन्ही ऐकण्यासारखे. पण एकच अभ्यास घेऊन तो कसा झाला हे उलगडून सांगणारा, नियमित चालणारा मराठी पॉडकास्ट मला हवा आहे आणि अजून सापडलेला नाही. भारतात हे जमत नाही असं मुळीच नाही. 1991 मध्ये आकाशवाणीने मानवाच्या उत्क्रांतीवर 144 भागांची मालिका केली होती आणि ती 18 भाषांतून गेली. तेव्हा ना मोबाइल होता, ना स्वस्त माइक.

आणि विषय तर दारात पडले आहेत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, 47 गावं तुलनेसाठी ठेवली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज देशभरातल्या आशाताई घरोघर जाऊन बाळ तपासतात त्यामागे हे काम आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे मिनिटातले श्वास मोजावे लागतात. ज्या दाईंना साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनवलं: शेजारी एका मिनिटाची वाळूची घटिका, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळ आजारी. मणी सरकल्याचा आवाज, बाळाचा श्वास, मोजणाऱ्या बाईचा आवाज. पॉडकास्टला याहून चांगला भाग कुठला मिळणार? कुणी संशोधक, पत्रकार हे वाचत असेल तर कृपा करून एवढं करा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिला आठवडा ‘सोशल सायन्स बाइट्स’चे दोन भाग, मजकूर आधी वाचून. दुसऱ्या आठवड्यात ‘इन अवर टाइम’चा शून्यावरचा भाग. घरी वायफायवर भाग उतरवून ठेवा, कारण घाटात आणि आडवळणाला रेंज जाते आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य हुकतं. आकृती, समीकरणं किंवा नकाशे लागणारा विषय असेल तर तो बसमध्ये ऐकूच नका, तो कानाचा विषय नव्हे, घरी बसून वाचायचा. तुमचं शिक्षण कोणत्या शाखेचं आणि कशात रस आहे ते कळवलंत, तर नेमके भाग निवडून देईन.