रंगशंका : कपाळावरची निळी रेष

प्रश्न : दोन वर्षं जलरंगात काम केल्यावर मी आता ऑइलकडे वळले आहे. हार्डबोर्डच्या तुकड्यावर घरात उरलेल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, कार्बन पेपर ठेवून आईचं स्केच उतरवलं आणि रंगवायला बसले. रंग ब्रशमधून सुटेना. सुटला की लगेच कोरडाठक, निस्तेज. तसंच रेटून चित्र पुरं केलं. आता तीन महिन्यांनी आईच्या कपाळावर निळी रेष उमटली आहे. वरून रंगाचा हात दिला, तर थोड्या दिवसांत पुन्हा हजर! पाया चुकला की ट्रेसिंग?

उत्तर : ताई, दोन्ही. पण रेषेपासून सुरुवात करू, कारण त्या पापात मीही वाटेकरी आहे. शिकत असताना ओली केली की जांभळी उठणारी कॉपिंग पेन्सिल माझ्या हाती लागली. काय ठसठशीत रेष यायची! त्या पेन्सिलीने मी ढगांचा अख्खा पसारा आखला आणि वर पांढरा रंग थापला. महिन्याभरात आभाळ जांभळं. मास्तरांनी नुसतं पाहिलं आणि पुढच्या इझलकडे गेले. ते आजही बोचतं.

कॉपिंग पेन्सिल, निळा कार्बन पेपर, मार्कर, बॉलपेन या सगळ्यांत डाय असतो. पिगमेंट म्हणजे न विरघळणारी पूड, ती जिथे लावली तिथेच बसते. डाय मात्र विरघळतो, आणि तेला-टर्पेंटाइनबरोबर झिरपत वर येतो. तुम्ही वरून दिलेला हात म्हणजे त्याला चढायला आणखी एक पायरी. तेवढा भाग खरवडूनही फारसं साधणार नाही, कारण डाय खालच्या पांढऱ्यातही मुरलेला असणार. हे चित्र शेजारी ठेवा, आई पुन्हा रंगवा.

आता पाया. ऑइल पेंटमध्ये जवसाचं तेल हाच गोंद. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. भिंतीच्या स्वस्त रंगात भुकटी जास्त आणि गोंद कमी, त्यामुळे तो टिपकागदासारखा तेल ओढून घेतो. वर राहतो तो उपाशी रंग : फिका, आणि पुढेमागे भुरभुरणारा. कोऱ्या कापडाची तऱ्हा उलटी. तिथे तेल थेट धाग्यात शिरतं आणि वाळताना तयार होणाऱ्या आम्लांनी धागा कुजत जातो. म्हणून जुने लोक कापडाला आधी सरस लावत, मग वर पांढऱ्याचा थर. आज बहुतेक जण ॲक्रिलिक जेसो, म्हणजे रंगाआधी द्यायचा तयार पांढरा लेप, वापरतात. तो बाजारात आला १९५०च्या दशकात. मूळ जेसो खडू किंवा जिप्समची पूड सरसात कालवून करत. तो ठिसूळ, म्हणून मुख्यतः लाकडी फळीवर चाले. नाव तेच राहिलं, माल बदलला.

हार्डबोर्डची गुळगुळीत बाजू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. चमक मेली पाहिजे. धूळ पुसा. ॲक्रिलिक जेसोचा पहिला हात थोडं पाणी घालून पातळ करा आणि ब्रशने चोळून बसवा. कडा आणि पाठही सोडू नका, नाहीतर बोर्ड एका बाजूने वाकतो. मग पुढून तीन पातळ हात : एक आडवा, पुढचा उभा. प्रत्येक हात वाळला की ४०० नंबरने हलकेच फिरवा. जाड एकच थर देऊन मोकळं व्हायचा मोह होतो, पण जाड थर वाळताना तडकू शकतो. शेवटच्या हातानंतर तीन दिवस हात लावू नका. वरून तासाभरात कोरडा वाटतो, पण पाणी आत असतं.

मग कोपऱ्यात एक चाचणी. बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी ऑइलचा, मुगाएवढा ठिपका घ्या, बोटाने ओढा. काचेवरून सरकावा तसा सरकला, तर पृष्ठभाग फार गुळगुळीत, पुन्हा घासा. दोन-चार मिनिटांत ओली चमक गेली, तर अजून तहानलेला. एक हात वाढवा. बोटाखाली किंचित अडकत, पण तुटत नाही अशी पट्टी आली की झालं.

स्केच उतरवायला ट्रेसिंग पेपरच्या पाठीवर मऊ चारकोल किंवा गेरूची कोरडी पूड कापसाने चोळा आणि जादा झटका. कागद फक्त वरच्या कडेला चिकटवा, म्हणजे पानासारखा उचलून बघता येतो. गिरवताना लाल बॉलपेन घ्या, कुठली रेष झाली ते कळतं. शाई कागदावरच राहते, त्यामुळे बोर्डाला धोका नाही. कागद काढल्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने बारीक ब्रशने रेषा पक्क्या करा. दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर, चारकोल फडक्याने झटका. तो राहिला की पिवळा रंग हिरवट होतो आणि कातडी आजारी दिसते.

पेन्सिल चालेल का? चालते, पण फिकी. ऑइलचा थर काळाबरोबर पारदर्शक होत जातो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६३५च्या सुमारास रंगवलेला घोड्यावरचा स्पेनचा राजा चौथा फिलिप आहे. त्या घोड्याच्या मागच्या पायांपाशी आधी रंगवून बदललेल्या पायांच्या खुणा आज नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिथे तर खालचा रंगच वरून दिसू लागला. पातळ उजळ कपाळाखालची गडद पेन्सिल काय लपणार?

आणि सगळं स्केच उतरवू नका. मी चेहऱ्याच्या डोळ्यांचे कोपरे, नाकाचा तळ, ओठांमधली रेघ, हनुवटी आणि कानाची जागा एवढंच घेतो. पापण्या ट्रेस करणाऱ्याचं पुढचं काम रंगवायचं राहत नाही, रेषेत रंग भरायचं होतं.

प्रश्न : स्केच मोठं करून उतरवायला मोठ्या कॅनव्हासवर चौकटी आखल्या की रेषा उजळ रंगाखालून दिसतात. उपाय?

उत्तर : आखूच नका. चौकटीच्या कडांना पिना टोचा, दोरा ताणा, चित्र उतरलं की सोडवा. फक्त आधी माप जुळवा : २० × ३० सेंमी स्केचवर ५ सेंमीच्या चौकटी असतील, तर ६० × ९० कॅनव्हासवर १५ सेंमीच्या. कॅनव्हास ६० × ७५चा असेल तर आधी स्केच कापा. नाहीतर हट्टाने सहा रांगा बसवाल आणि माणूस बुटका होईल.