घटपर्णी घेताय? आधी रात्रीचं तापमान बघा

घटपर्णी म्हणजे पानाच्या टोकाला घडा धरून त्यात किडे पकडणारं झाड. फोटो बघून त्यातल्या विलोसा किंवा राजा या जाती एकदम मागवू नका प्लीज. ही बोर्निओतल्या किनाबालू डोंगराच्या उंचावरची हायलँड (थंड हवेतली) झाडं, त्यांना रात्री १०-१५ डिग्रीचा गारवा लागतो आणि मुंबई-ठाण्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २७ च्या आसपास असतो, मग झाड लगेच मरत नाही पण प्रत्येक नवीन पान आधीच्यापेक्षा छोटं येतं, घडा धरतच नाही आणि हळूहळू संपतं. दिवसाची गरमी एकवेळ चालते, रात्रीची नाही.

किनारपट्टीला राहत असाल तर लोलँड म्हणजे सखल, गरम भागातल्या जाती घ्या, ॲम्पुलेरिया, राफ्लेसियाना वगैरे. पहिलंच झाड असेल तर मी सरळ व्हेंट्राटा सांगेन, खूप सोसतं ते. पुण्याकडे असाल तर आपली मेघालयातली खासियाना पण बघा, भारतातली घटपर्णीची ही एकच जात आणि ती धोक्यात आहे, म्हणून जंगलातून उपटलेलं अजिबात घ्यायचं नाही, नर्सरीत वाढवलेलंच.

पाणी पावसाचं नाहीतर आरओचं, बोअरचं नकोच, क्षार साठतात. माती, शेणखत काही नाही, स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) बस्स.

पानाच्या टोकाच्या तंतूला शेवटी बारीक फुगीर कळीसारखं दिसेल, ती नव्या घड्याची सुरुवात, ते वाळून काळं पडत असेल तर बहुतेक हवा कोरडी आहे किंवा उजेड कमी पडतोय, लगेच खत घालायला धावू नका. आणि घड्यात मटणाचे तुकडे टाकू नका, सडतात, झाडाला खायला मुंग्या आपोआप येतात.