वजनासाठी रोजे नकोत, आधी शुगर तपासा

ताई, तुमचं पत्र वाचलं. माहेर रत्नागिरीचं, नवरा मलय, संसार मलेशियातल्या शाह आलमला, मुलगा १४ वर्षांचा. वजन वाढतंय, शाळेतली पोरं आणि घरचेसुद्धा लाडानं 'गमुक' म्हणजे जाड्या म्हणतात, मानेवर काळा पट्टा आलाय तो घासूनही जात नाही. नवरा म्हणतो सोमवार-गुरुवारचे रोजे धरायला लावू, सासूबाई म्हणतात वाढतं वय आहे, खाऊ दे.

आधी तो पट्टा. तो मळ नाहीये, घासणं बंद करा. वजन वाढलेल्या मुलांत इन्सुलिन नीट काम करत नसेल तर बऱ्याचदा असा पट्टा येतो, म्हणून याच आठवड्यात त्याला सरकारी क्लिनिकमध्ये नेऊन शुगर तपासून घ्या.

रोजा ही इबादत आहे हो, वजनाची शिक्षा नाही, आणि पोराच्या डोक्यात तसं एकदा बसलं की रमजानही त्याला नकोसा होईल, शिवाय दिवसभर उपाशी राहून मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला रोजा सोडताना, कंडेन्स्ड मिल्कचा तेह तारिक चहा आणि तळलेलं खाल्लं तर फायदा काय? पोटाचा एक हिस्सा जेवणाला, एक पाण्याला, एक श्वासाला ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, नवऱ्याला माहीत असणारच, पण ती मुलाला ऐकवण्याआधी त्यांनी स्वतःच्या ताटात पाळावी. तिथलं सरकारही तेच सांगतं ना, पाव ताट भात, पाव मासे-चिकन, अर्धं भाज्या-फळं.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांनाच कामाला लावा. उलाम, म्हणजे जेवणासोबत कच्च्या खायच्या पानं-भाज्या, त्यांच्याइतकं कोण जाणतं? पगागा, उलाम राजा, काकडी, सोबत सांबल बलाचान ही मिरची-कोळंबीची चटणी, नातवाला बाजारात नेऊन पानं ओळखायला शिकवू देत. नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, बंद करू नका, रविवारी करा, सगळ्यांनी मिळून खा.

व्यायामाला सिलात ही मलय युद्धकला बघा, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली त्यांची स्वतःची कला आहे ती. बापानंही सोबत उतरायचं, बाहेर बसून मोबाईल बघायचा नाही.

आणि ते 'गमुक' मला सगळ्यात जास्त लागलं. एकमेकांना वाईट नावांनी हाक मारू नका हे कुराणातल्या सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट आहे, मग घरात कसं चालतं? सशक्त मोमिन, म्हणजे श्रद्धावान, अल्लाहला जास्त प्रिय ही हदीस सगळे सांगतात, पण तिच्यातच पुढे आहे की भलाई सशक्त आणि अशक्त दोघांतही आहे, ते वाक्य तुमच्या लेकाला कुणी सांगितलंय का? तुम्ही सांगा, आज रात्रीच. शाळेतल्या चिडवण्याबद्दल वर्गशिक्षकांना दोघांनी मिळून भेटा, आणि रिपोर्ट आला की मला कळवा.