बोर्ड काढण्याआधी अकाउंट कोणाचं आहे ते बघा

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर आणि त्याचा मदरबोर्ड काढून एएमडीचा रायझन 5600 प्रोसेसर आणि बी-550 बोर्ड घ्यायचाय, विंडोज 11 असलेला एसएसडी, म्हणजे डिस्क, तसाच उचलून नव्या बोर्डला लावायचाय, फॉर्मॅट नकोय. इथपर्यंत नेहमीचाच प्रश्न. पण पुढे तुम्ही म्हणता, "विंडोज दुकानदारानेच टाकून दिलं होतं, मी फक्त पिन टाकून आत जातो." याच एका गोष्टीपायी 2025 च्या जूनमध्ये माझे अकरा दिवस गेले.

मी इंजिनिअर नाही. सांगली जिल्ह्यात माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, शाळांची कामं, अहवाल. त्यामुळे हे दुकानातल्या अनुभवावरून लिहितोय, तसंच धरा.

नुसता एसएसडी हलवून विंडोज चालू होतं का, तर होतं. एक्सपी आणि सेव्हनच्या काळात बोर्ड बदलला की निळी स्क्रीन यायची, कारण डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच त्याला सापडायचा नाही. 10 आणि 11 बहुतेक वेळा पहिल्या बूटलाच नवं हार्डवेअर ओळखून घेतात, एक-दोनदा रीस्टार्ट होतात आणि डेस्कटॉप समोर येतो. इंटेलवरून एएमडीवर गेलात तरी. "बोर्ड बदलला म्हणजे फॉर्मॅट मारायलाच पाहिजे" हे मला अजिबात पटत नाही. सांगणाऱ्याचं काम सोपं होतं, पण गिऱ्हाइकाचे फाँट, प्रिंटरची सेटिंग, सगळं पुन्हा बसवण्यात दोन दिवस जातात.

आता माझं काय झालं ते. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि लॅनचं, म्हणजे इंटरनेटच्या वायरीचं पोर्ट गेलं, दोन यूएसबी गेले. मशीन चालू होतं, पण अर्धवट. बोर्ड तीन वर्षांच्या वॉरंटीत होता म्हणून सर्व्हिस सेंटरला दिला. तीन आठवड्यांनी त्यांनी एच-410 बोर्डच्या जागी एच-510 बोर्ड दिला. प्रोसेसर तोच बसणार होता. काउंटरवर मी मुद्दाम विचारलं, "विंडोजचं काही करायला लागेल का?" उत्तर आलं, "काही नाही, एसएसडी लावा, चालू होईल."

घरी आणून लावला. निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागणारी ओळ, खाली आकडे टाकायची जागा. मी पिन टाकला. नाही. मग विंडोजच्या पाकिटावरची 25 अक्षरी की टाकायला गेलो, तर तिथे अक्षर उमटेचना, फक्त आकडे. तेव्हा कळलं की हे लायसन्सचं प्रकरणच नाही. डिस्क एन्क्रिप्ट झाली होती, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, आणि तिची किल्ली राहिली होती जुन्या बोर्डवरच्या टीपीएममध्ये, म्हणजे किल्ल्या जपून ठेवणाऱ्या भागात. मी कधीही एन्क्रिप्शन चालू केलं नव्हतं. फेब्रुवारीत नवा एसएसडी टाकताना दुकानातल्या मुलाने विंडोजची 24एच2 आवृत्ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटने टाकली होती. त्या आवृत्तीपासून असं नव्याने टाकलं तर पुष्कळ साध्या मशीनवरसुद्धा डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. कुठेही ठळक सूचना येत नाही.

त्या डिस्कवर एका शाळेची शताब्दी स्मरणिका होती. 212 पानं लावून झालेली. माजी विद्यार्थ्यांनी हाताने लिहून पाठवलेली पत्रं मी आणि माझ्या बायकोने टाइप केलेली, त्यातले दोन पत्रलेखक ऐंशीच्या पुढचे. बॅकअप होता तो मार्चचा, म्हणजे यातलं काहीच नसलेला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेलो. जुना बोर्ड तासाभरासाठी परत द्या, एवढंच मागणं होतं. तो अजून बूट होत होता. परत बसवला असता तर टीपीएमने किल्ली दिली असती, विंडोज उघडलं असतं आणि मला एन्क्रिप्शन बंद करता आलं असतं. "तिकीट क्लोज झालंय, बोर्ड पुढे गेला." पुढे म्हणजे कुठे, ते सांगेनात. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा वेगळा माणूस आणि तिन्ही वेळा एकच वाक्य: "फॉर्मॅट करा सर." बोर्ड जमा करून घेताना एक वाक्य बोलायला त्यांना काय हरकत होती, की डिस्क एन्क्रिप्टेड आहे का बघून आणा? दिवसाला किती बोर्ड बदलून देत असतील हे लोक. बिल, वॉरंटी कार्ड, आधारची झेरॉक्स, सगळं मागितलं. हे सोडून.

मग एका डेटा रिकव्हरीवाल्याने पंधरा हजार आगाऊ मागितले, "फोडून देतो" म्हणाला. मी पैसे काढायला निघालो होतो. कृपा करून असे पैसे देऊ नका. डिस्क धडधाकट असेल आणि किल्ली नसेल, तर ते एन्क्रिप्शन कोणीही फोडून देत नाही. मायक्रोसॉफ्टकडेसुद्धा तुमच्या खात्यात जमा असेल तेवढीच किल्ली मिळते.

माझ्या स्वतःच्या मेलने लॉगिन करून बघितलं, एकही डिव्हाइस नाही. चार दिवसांनी बायकोला आठवलं, की स्टार्ट मेन्यूत खाली आमच्या नावाऐवजी त्या कॉम्प्युटर दुकानाचं नाव दिसायचं. मुलाने अकाउंट दुकानाच्या मेलवर केलं होतं. मुलगा नोकरी सोडून चाकणला गेलेला. त्याचा नंबर मिळवायला आणखी चार दिवस. सुदैवाने ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जात होता. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत त्याने ते खातं उघडलं, तर पंधरा-वीस गिऱ्हाइकांच्या किल्ल्या एकाखाली एक. माझ्या पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं त्याला वाचून दाखवली, तेव्हा आमची सापडली.

किल्ली 48 आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. कँटीनचा गोंगाट, तो जोडीने आकडे वाचतोय आणि मी लिहितोय. टाकली, चूक. परत टाकली, चूक. त्यातल्या प्रत्येक गटाला 11 ने पूर्ण भाग जातो, हे मला तेव्हा त्या मुलानेच सांगितलं. कॅल्क्युलेटर घेऊन एकेक गट भागला. समजा गट 632159 आहे: भाग बरोबर जातो. मी लिहिलं होतं शेवटी 69. "एकोणसाठ"चं मी "एकोणसत्तर" ऐकलं होतं. फोनवर किल्ली घ्यायची वेळ आलीच तर एकेक आकडा सुटा वाचायला सांगा, शून्य-एक-दोन असं, आणि जमलं तर फोटोच मागवा.

तर तुमच्यासाठी. जुना बोर्ड अजून चालतोय, हे तुमचं मोठं भांडवल आहे. नवा पूर्णपणे सुरळीत चालेपर्यंत जुना एक्स्चेंजला देऊ नका, दुकानदार हजार रुपये जास्त देतो म्हणाला तरी.

सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन कोणाचा मेल आहे ते बघा. दुसऱ्याचा असेल तर आधी स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर आणा. मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन बघा. चालू असेल तर सरळ बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला वेळ लागतो, मध्येच मशीन बंद करू नका. प्रो आवृत्तीत नुसतं सस्पेंड करायची सोय आहे, पण मी बंदच करतो, बोर्ड बदलून झाल्यावर परत चालू. किल्ली तरीही कागदावर छापून ठेवा. त्याच मशीनमध्ये सेव्ह करून उपयोग नाही.

पिनचं काय? तोही त्या बोर्डच्या टीपीएमशी बांधलेला असतो. नव्या बोर्डवर पिन उपलब्ध नाही असं म्हणेल. म्हणून आत्ताच एकदा साइन आउट करून खात्याच्या पासवर्डने आत जाऊन बघा.

अ‍ॅक्टिव्हेशनचं, म्हणजे नव्या बोर्डवर विंडोजचं लायसन्स मान्य होण्याचंही मूळ तेच: अकाउंट कोणाचं. विंडोजचं डिजिटल लायसन्स तुमच्या खात्याला जोडलेलं असेल, तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "नुकतंच हार्डवेअर बदललं" असा पर्याय मिळतो. रिटेल, म्हणजे सुटं विकत घेतलेलं लायसन्स नव्या बोर्डवर नेता येतं, ओईएम, म्हणजे मशीनबरोबर आलेलं लायसन्स बोर्डशीच बांधलेलं असतं. दुकानदाराने तुम्हाला नक्की कुठलं दिलंय ते बिलावर बघा. "ओरिजनल आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट खूप जणांकडून सुटते. मशीनमध्ये एसएसडीबरोबर जुनी हार्ड डिस्क असेल, तर डिस्क मॅनेजमेंट उघडून ईएफआय सिस्टिम पार्टिशन, म्हणजे विंडोज सुरू करून देणारा बूट लोडर जिथे असतो तो भाग, कशावर आहे ते बघा. कधीकधी विंडोज एसएसडीवर आणि बूट लोडर हार्ड डिस्कवर असतो. नुसता एसएसडी हलवला की बूटच होत नाही आणि लोक बोर्डला दोष देतात.

नव्या बोर्डचा लॅन ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच घेऊन ठेवा, नाहीतर इंटरनेटशिवाय अडकाल. अगदीच अडलं तर मोबाइलचं यूएसबी टेदरिंग चालतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायसन्स जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा. पहिल्यांदा चालू करताना एएमडीचा बोर्ड एफटीपीएम (त्याचा टीपीएम) रीसेट करू का असं विचारेल कदाचित. एन्क्रिप्शन बंद केलेलं असलं आणि किल्ली कागदावर असली तर हो म्हणायला हरकत नाही.

आणि कोकणात किंवा आमच्याकडे घाटाखाली-घाटावर कुठेही असाल, तर वळवाच्या दिवसांत वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर लॅनची वायरही काढा. माझ्याकडे यूपीएस होता, अर्थिंग होतं. वीज आली ती केबलवाल्याच्या वायरीतून.

हे सगळं विंडोज 11 होमवरचं आहे. ऑफिसचं मशीन असेल आणि किल्ल्या कंपनीच्या आयटीकडे असतील तर यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

नवा बोर्ड घ्यायला जाण्याआधी आज रात्री ते अकाउंट्सचं पान उघडा आणि तिथे तुमचा मेल दिसतो की दुकानदाराचा, तेवढं कळवा. दुकानदाराचा असला तर त्याच्याकडे जाताना काय काय मागायचं ते मी सविस्तर लिहितो.