वाचकांचे प्रश्न : पहिली पुस्तकं निवडताना

मुलगी पहिलीत आहे. बाराखडी येते, पण गोष्टीचं पुस्तक दिलं की दोन ओळींतच रडकुंडीला येते. ‘जोडाक्षरविरहित’ पुस्तकांचे संच घ्यावेत का? – एक पालक, नाशिक

एखादा संच घ्या, पण त्यावर फार काळ थांबू नका. ‘त्याने’, ‘तिच्या’, ‘माझ्या’, ‘म्हणाली’ हे शब्द वगळून मराठीत गोष्ट सांगायची म्हणजे लेखकाचे हातच बांधायचे. मग ‘कमल, जल भर’ अशी वाक्यं तयार होतात. घरात कुणी असं बोलत नाही, म्हणून पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज मुलीला बांधता येत नाही. वाचायला शिकताना तो अंदाज फार उपयोगी पडतो.

त्यापेक्षा जोडाक्षरं टप्प्याटप्प्याने येऊ द्या. आधी त्या, च्या, झ्या, ल्या आणि म्ह. ही पानोपानी भेटतात, त्यामुळे फोड न करता अख्खीच ओळखीची करून द्यावीत. मग पत्ता, गल्ली, अण्णा यांसारखी एकाच अक्षराची जोडी. रफार, प्र, ट्र, क्ष, ज्ञ सर्वांत शेवटी. रफार खरोखरच अवघड आहे. ‘सूर्य’मधला र बोलताना य-च्या आधी येतो, पण लिहिताना य-च्या डोक्यावर बसतो. ऱ्हस्व वेलांटीचंही असंच उलटं : ‘किती’ या शब्दात डोळ्यांना वेलांटी आधी दिसते आणि क नंतर. इथे मूल चुकलं तर तो निष्काळजीपणा नव्हे, म्हणून रागावू नका. बोट वेलांटीखाली न ठेवता क-खाली ठेवा.

अडखळण्याचं आणखी एक कारण बाराखडीतच आहे. मूल प्रत्येक अक्षर ‘अ’सकट म्हणायला शिकतं. ‘सरबत’ वाचताना ते स… र… ब… त असं म्हणतं. आपण मात्र ‘सर्बत्’ असं बोलतो. चारही अक्षरं बरोबर येऊनही तिला ओळखीचा शब्द ऐकूच येत नाही. अशा वेळी ‘परत वाच’ म्हणू नका. अख्ख्या शब्दाखालून बोट सरकवत तो एकदा नेहमीच्या बोलण्यासारखा उच्चारा आणि पुढे जा.

दुकानात पुस्तकाचं मधलं पान उघडून तिला वाचायला सांगा. वीस-पंचवीस शब्दांत दोन-तीनपेक्षा जास्त ठिकाणी ती थांबली, तर ते पुस्तक तुम्ही तिला वाचून दाखवण्याचं आहे. तेही घ्याच. वाचून दाखवायचं आणि स्वतः वाचायचं, अशी दोन्ही पुस्तकं घरात हवीत. स्वतः वाचायच्या पुस्तकात मजकूर कोऱ्या पांढऱ्या जागेवर हवा. रंगीत चित्रावर छापलेली अक्षरं नवख्या डोळ्यांना सुटी दिसत नाहीत.

तीन वर्षांचा मुलगा मजकूर संपायच्या आत पान उलटतो. – एक आजी, सांगली

उलटू द्या, आजी. पानावर पाच ओळी असतील तर एकच सांगा. चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट फक्त चित्रात असते. ओळ म्हणते ‘मनी कुठेच दिसेना’, आणि पलंगाखालून शेपटीचं टोक बाहेर आलेलं असतं. ते टोक नातवाला सापडू द्या; मनात पाचपर्यंत मोजा आणि गप्प राहा. ‘हा रंग कोणता? पक्षी किती?’ असं सुरू झालं की त्या मांडीवरच परीक्षा होऊन बसते. तेच पुस्तक तो विसाव्यांदा मागेल, तेव्हा विसाव्यांदा वाचा.

आम्ही जर्मनीत राहतो. सात वर्षांची मुलगी मराठी बोलते, वाचत नाही. पुस्तकं कुठून मिळवावीत?

प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015पासून मराठी चित्रकथा मोफत आहेत आणि त्या छापून घेता येतात. एक सावधगिरी बाळगा : तिथल्या चार पातळ्यांमध्ये लांबीला मोठं महत्त्व आहे. पहिली पातळी म्हणजे साधारण 250 शब्दांपर्यंतची सोपी गोष्ट, पण अनुवादात तिथेही रफार आणि प्र भरपूर सापडतात. आधी स्वतः मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तर दुसरी गोष्ट निवडा. तूलिका या प्रकाशन संस्थेची मराठी-इंग्रजी पुस्तकंही चांगली आहेत, मात्र वाचताना इंग्रजी ओळीवर कागदाची पट्टी ठेवा. नाहीतर तिची नजर तिकडेच जाईल.

छापताना ‘बुकलेट’ निवडा, दोन्ही बाजूंनी, आखूड कडेवर उलटणारं. लांब कड निवडली तर एका बाजूची पानं उलटी येतात. कागद 100 ग्रॅमचा घ्या, त्याहून पातळ कागदातून मागचं चित्र दिसतं. घडीवर तीन भोकं पाडा. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, आतल्या बाजूने खालच्यापर्यंत नेऊन बाहेर काढा आणि पुन्हा मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा.

च, ज, झ यांचे दोन उच्चार तिला कानानेच कळायला हवेत. ‘माझा’ आणि ‘माझी’, ‘चाक’ आणि ‘चार’ : अक्षर तेच, आवाज वेगळा. म्हणून नवी गोष्ट आधी तुम्ही वाचून दाखवायची, मग तिने.

फाटलेल्या पानांना सेलोटेप लावावी का? – बालवाडीताई, रत्नागिरी

नको. ती पिवळी पडते आणि तिच्या कडेच्या गोंदाला धूळ चिकटते. एक वाटी मैद्यात पाच वाट्या पाणी घालून गुठळ्या मोडा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवा. पतंगाच्या पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी या खळीने चिकटवा, दोन्ही बाजूंना बटरपेपर घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. खळीत मोरचूद घालू नका, मुलं पुस्तकाचे कोपरे चोखतात. मोरचुदाशिवाय ती दोन-तीन दिवसच टिकते, म्हणून लागेल तेवढीच करा.